नऊ रोपटी

पारशिवनीपलीकडच्या जंगलात आमच्या ऑफिसने एक तुकडा आखून ठेवलाय. दर पाच वर्षांनी तिथलं प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर मोजायचं. गावातला नत्थू उईके टेप गुंडाळून आकडा ओरडायचा, मी वहीत लिहायचो. तीस वर्षं हेच. घेर तीस सेंटिमीटरच्या आत असेल तर ते झाडच नव्हे, असा नियम. कुठल्या दीडशहाण्याने केला, देव जाणे!

नत्थूला तो पहिल्या दिवसापासून खटकला. रोपटं दिसलं की तो कमरेच्या पिशवीत एक चिंचोका टाकायचा. पहिल्या मोजणीला पिशवी भरून उरलेले चिंचोके टोपीत घ्यावे लागले. गेल्या वर्षी पिशवीत नऊ होते.

आणि नागपुरात एसीत बसून आमच्या साहेबांनी ठरवलं: लाकूड वाढलं, जंगल ठणठणीत, आता मोजणी बंद. वाढणारच ना लाकूड! जुने मोह आणि साग जाड झाले होते. गावात नुसते म्हातारे उरले आणि त्यांची पोटं सुटली, तर त्याला भरभराट म्हणायचं? पण मी बोललो नाही. माझ्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

नत्थू बोलला. बसने नागपूर गाठून त्याने माझ्यासमोरच पिशवी साहेबांच्या टेबलावर उपडी केली.

"पाहा साहेब, जंगलाचे एवढेच लेकरं उरले. मोजनी बंद काहून करून राहिले?"

साहेब हसले. "मग बाकीची रोपटी गेली कुठे?"

"आगीत."

"आग लावतं कोण?"

मोहफुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून गावकरी झाडाखालचा पाला पेटवतात, आणि आग पुढे सरकते. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मीच लावतो," नत्थू म्हणाला. "माह्या बापानंबी लावली. लिवा माह्यं नाव. पन हे नऊ रोपटेबी लिवा."

मी मोजणीच्या अहवालात दोन्ही ओळी टाइप केल्या. साहेबांनी लाल पेनने एक खोडली.

यंदा मोहाच्या दिवसांत तिकडे गेलो, तर नत्थू ओणवा होऊन खराट्याने पाला झाडत होता. बायको, प्रयागबाई, करवादली, "लोकं हासून राहिले, अन् हा बुढा जंगल झाडून राहिला!"

नत्थूने कंबर सरळ केली. "काय गा बाबूजी, छापलं ना आपलं?"

"छापलं," मी म्हणालो.

छापलं होतं ते एवढंच: गावातले लोक जंगलाला आगी लावतात. नऊ रोपट्यांची ओळ गाळून तो कागद पुन्हा टाइप केला होता मीच.