सविता सिस्टरांची बीपीची वही

सविता सिस्टरांच्या विभागात अंदाजपंचे कारभार चालत नसे. विभाग तान्ह्यांचा, तेही वेळेआधी जन्मलेल्यांचा. कुणी सव्वा किलोचं, कुणी त्याहूनही कमी. काचेच्या पेटीतल्या त्या जिवांचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे, असा सिस्टरांचा दंडक होता. नवीन आलेली निकिता एकदा अर्ध्याच मिनिटात मोजणी उरकून आकडा दुप्पट करून लिहीत होती. सिस्टरांनी आवाज चढवला नाही. एवढंच सांगितलं, की मोजलं नसेल तर जागा कोरी सोड. कोरी जागा दिसली की डॉक्टर विचारतात, भरलेली दिसली की विचारत नाहीत. निकिताला ते इतकं लागलं की पुढचे आठ दिवस ती जेवणाच्या सुट्टीतही घड्याळाकडे बघत होती.

या नोकरीत सविताची चौदा वर्षं गेली होती. नाशिकच्या त्या हॉस्पिटलात सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंतची बाळं येत, आणि त्यांत जुळी पुष्कळ. जुळं म्हटलं की बाहेर पेढ्यांची भाषा सुरू व्हायची आणि आत आई दोन पेट्यांच्या मधे उभी असायची, आधी कुणाकडे बघू ते न कळून. त्यातली बरीचशी बाळं बाळसं धरून घरी जात. काही जात नसत. सिस्टरांना दोन्ही हिशेब तोंडपाठ होते.

स्वतः सविताला मूल नव्हतं. वय छत्तीस, लग्नाला अकरा वर्षं. नवरा दीपक ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. माणूस सरळ, पण बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. आयव्हीएफच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. तिसऱ्या खेपेला दोन गर्भ तयार झाले, दोन्ही चांगले निघाले आणि गोठवून ठेवले गेले. आता प्रश्न एवढाच होता, की एक गर्भ पिशवीत ठेवायचा की दोन्ही.

उपचार करणाऱ्या मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. एक ठेवू, म्हणाल्या. नाही राहिला तर दुसरा आहेच. दोन ठेवले तर गर्भ राहण्याची शक्यता थोडी वाढेल, पण जुळ्यांचा धोका त्यापेक्षा कितीतरी जास्त वाढेल. त्यात सविताला गेल्या दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू, आणि वाढलेल्या बीपीत जुळी म्हणजे आईच्याही जिवाला धोका. तरी आधी दोनदा अपयश आलं होतं, म्हणून मॅडमनी एक फट उघडी ठेवली. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून वहीत लिहा, ताब्यात असेल तर दोनाचा विचार करू.

दीपकचं मत दोन. त्याच्या कारखान्यातल्या विमानात महत्त्वाची वस्तू एकटी नसते. एक बंद पडली तर दुसरी असावी लागते, हे त्याच्या हाडात मुरलेलं. सासूबाई, बयाबाई, निफाडजवळच्या गावाहून इंजेक्शनांच्या दिवसांत सोबतीला येऊन राहिल्या होत्या. त्यांनीही जाताना बजावलं होतं, "दोन्ही ठिवून टाक पोरी. एकदाच काय ते होऊ दे." त्यानंतर फोनवरही तेच, दर दोन दिवसांनी. सविता 'हो आई' म्हणायची आणि फोन ठेवल्यावर मनात म्हणायची, नातवंडांची हाव काही सुटत नाही म्हातारीची.

विभागातल्या सगळ्यांना वाटायचं, सिस्टर एकच ठेवणार. इतकी जुळी हाताखालून गेलेली बाई दुसरं काय करणार? आणि इथेच सगळ्यांचं चुकत होतं. सविताला दोन्ही हवे होते. नवऱ्यापेक्षा आणि सासूपेक्षाही जास्त. एक ठेवला आणि तो गेला तर रिपोर्टची वाट बघत ते चौदा दिवस पुन्हा काढायचे, पुन्हा तो फोन, पुन्हा 'सॉरी'. ते आता तिच्याने होणार नव्हतं. दोघांतलं एक तरी माझ्याकडे राहील, हा तिचा एकमेव युक्तिवाद. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिची तिलाच लाज वाटायची, पण लाजेने इच्छा थोडीच जाते.

पहिल्या दिवशी बीपी भरलं एकशे अठ्ठेचाळीस, खाली चौऱ्याण्णव. सविताने पाच मिनिटं डोळे मिटून पुन्हा मोजलं. एकशे शेहेचाळीस. थंडीमुळे असेल, असं म्हणून तिने वहीत एकशे चोवीस आणि ऐंशी लिहिलं. दुसऱ्या दिवशीही मोजलं एक, लिहिलं एकशे बावीस. तिसऱ्या दिवसापासून तिने मशीन कपाटातून काढणंच बंद केलं आणि चहा उकळता उकळता वही भरून टाकू लागली. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

नवव्या दिवशी संध्याकाळी दीपक कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला. चहा पिताना समोर पडलेली वही सहज चाळायला घेतली. बायकोच्या दुखण्याखुपण्यात त्याला फारसं कळत नसे, पण मापं हा त्याचा रोजचा धंदा होता. त्याने दोन पानं पुन्हा पुन्हा पाहिली आणि विचारलं, हे आकडे कुणी लिहिले.

सविता म्हणाली, मीच.

"खरं माप इतकं सरळ येत नाही," दीपक म्हणाला. "आमच्याकडं असा कागद आला की समजायचं, शिकाऊ पोरानं मोजलंच नाही."

दीपक उठला, कपाटातून मशीन काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. उलटा गुंडाळला. तिने गुपचूप सुलटा करून घेतला. मशीन घुरघुरलं, थांबलं. एकशे बावन्न, खाली अठ्ठ्याण्णव. दीपकने आकडा वाचला आणि सविताकडे पाहिलं. एवढ्या बीपीत दोन बाळं पोटात वाढवायची म्हणजे काय, हे तिने त्याला न सांगताही तिच्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"मला मूल हवंय," तो म्हणाला. "पण तुझ्या बदल्यात नकोय. हे मी आधीच बोलायला पाहिजे होतं."

अकरा वर्षांत हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. मूल म्हणजे आपलीच परीक्षा, आपणच नापास होतोय, असं ती धरून चालली होती. ती खूप रडली, आणि रडून झाल्यावर वहीतल्या त्या दोन्ही पानांवर आडवी रेघ मारून खाली आजचा आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना तिने सगळं सांगितलं. मॅडमनी गोळीचा डोस बदलला, गर्भ ठेवायचं महिनाभर पुढे ढकललं आणि विचारलं, सिस्टर असून तुम्ही असं केलंत? सविता म्हणाली, "तिथं मी सिस्टर नव्हते, मॅडम." मग संमतीच्या कागदावर 'एक' लिहून सही केली.

बयाबाईंना सांगणं मात्र तिने आणखी दोन दिवस टाळलं. शेवटी फोन लावला, तोही मनाची तयारी करून, शब्द जुळवून. आई, एकच ठेवणार आहे, डॉक्टर तसंच म्हणतात, नाही राहिला तर मी परत जाईन.

"परत जाशील?" बयाबाईंनी विचारलं. "मी पाह्यलंय तुझं पोट. निळं पडलेलं सगळं, सुयांनी. आंघोळीला जाताना दिसलं एकदा. मला काय जुळ्यांचा सोस नव्हता गं. परत तुला त्या दवाखान्याच्या खोलीत जायला नको, म्हून दोन म्हणत व्हते."

ज्या बाईला ती हावरी समजत होती, तिला सुनेच्या पोटावरचे डाग दिसले होते, आणि सुनेला मात्र सासूचं मन दिसलं नव्हतं. सविताने एवढंच सांगितलं, की या खेपेला सुया कमी आहेत, गोळ्याच जास्त. बयाबाईंना ते पटलं असं वाटलं नाही.

महिन्याभरात बीपी खाली आलं, खरोखरीचं. माघात एक गर्भ ठेवला. चौदा दिवस सविता ड्युटी करत राहिली, दीपक दर संध्याकाळी मशीन काढत राहिला. पंधराव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. राहिला नव्हता.

ती विभागातून घरी आली तेव्हा बयाबाई गावाहून येऊन बसल्या होत्या, दीपकने कळवलं होतं. सविताला एका वाक्याची भीती होती: दोन ठेवले असते तर. जेवताना ती त्याची वाट बघत राहिली, भांडी आवरताना वाट बघत राहिली. ते कुणी म्हटलं नाही. दीपक शेजारी बसून लसूण सोलत होता, उद्याच्या भाजीचा, कुणी सांगितलेलं नसताना.

बयाबाईंनी ओट्यावरचं पाणी पुसलं, हात पदराला कोरडे केले आणि विचारलं, "मंग आता आपल्याला परत कधी जायचं?"