लोवेलनं निवडलेली उंच गाडी

लोवेल स्ट्राउडला विचारल्याशिवाय वायोमिंगच्या त्या खोऱ्यात सहसा कुणी पिकअप घेत नसे. एकतीस वर्षं त्यानं कौंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला होता. कुठली गाडी कुठल्या चढावर दम तोडते आणि कुठली उणे तीसमध्येही पहिल्या किल्लीला सुरू होते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी जुनी गाडी बघायला निघालं की लोवेलला सोबत न्यायचं. तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचा, हातोडीनं चासी ठोकायचा, तेलाची काडी नाकाशी धरायचा आणि कपडे झटकत बाहेर येऊन एकच शब्द बोलायचा, "घे" किंवा "नको". त्यापुढे चर्चा नाही.

त्या वेळी या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. आता कुणी विषय काढला तरी त्याचे कान तापतात.

त्याची बायको आर्डिथ शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. बोलणं बेताचं, पण गळ टाकावा तर तिनंच. पाण्यात नेमका दगडामागे, ट्राउट मासा दबा धरून बसलेला असतो तिथं, तिचा गळ अलगद पडायचा. "मी नुसता हमाल. मासे तीच धरते," असं लोवेल स्वतःच लोकांना सांगायचा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांतला एकही उन्हाळा त्यांनी घरात काढला नव्हता. शुक्रवारी ट्रेलर जोडायचा नि डोंगरात जायचं. ऑक्टोबरात एल्क हरणांच्या शिकारीचा तळ पडायचा, तिथं दहा दिवस चुलीवरचा स्वयंपाक.

लोवेल निवृत्त झाला त्याच वर्षी त्यांच्या जुन्या पिकअपनं मान टाकली. रस्त्यावरच्या मिठानं चासी खाऊन टाकली होती. लोवेलनं स्वतःच हातोडी मारली, ती आरपार गेली, आणि गाडीखाली पडल्यापडल्याच तो हळू आवाजात म्हणाला, "नको."

मग सगळा हिवाळा नवी गाडी निवडण्यात गेला. नवी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वापरलेलीच, पण तब्येतीनं धडधाकट. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलेले असत. कुठलं इंजिन तीन लाख मैल धावतं, कुठल्या सालचा गिअरबॉक्स दगा देतो, ट्रेलरचं वजन किती, हौद्यात लाकडं, तंबू आणि एक अख्खा एल्क टाकला तर मागचे स्प्रिंगचे पाटे किती बसतील. आर्डिथ कागद बाजूला सारून ताटं मांडायची. आपल्याला काय हवंय हे तिला कुणी विचारलं नाही, आणि ते विचारायचं असतं हे लोवेलच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मार्चमध्ये दोघं कॅस्पर शहराला गेले. विक्रेत्याच्या आवारात दोन गाड्या लोवेलच्या चाळणीतून खाली उतरल्या. एक करडी, कंपनीतून आली तशीच. दुसरी गडद हिरवी. तिच्या आधीच्या मालकानं ती एक वीत उंच करून घेतली होती नि खाली मोठाली चाकं बसवली होती. लोवेल दोन्हींखाली शिरून आला. दोन्ही चोख होत्या.

तोवर आर्डिथ करड्या गाडीत जाऊन बसली होती. दार लावलं, उघडलं, उतरली, पुन्हा चढली.

"लोवेल, ही बरी आहे. हिच्यात मला सहज चढता येतं."

"अगं, चढायचं काय घेऊन बसलीस! ती हिरवी बघ. नदी ओलांडताना पोटाला पाणी लागायचं नाही."

"मग तिला पायदान लावता येईल का? माझ्या कमरेला—"

"पायदान?" लोवेल विक्रेत्याकडे बघून हसला. "पायदान लावलं की दगडाला अडकणार. शिवाय ती काय वाणसामान आणायची गाडी आहे?"

विक्रेताही हसला. म्हणाला, "बाईसाहेबांना शिडी फुकट देऊ."

आर्डिथ किंचित हसली नि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. लोवेलनं हिरवी घेतली. गावात गाडी आली तेव्हा कॅफेतून माणसं बशीत पॅनकेक तसेच टाकून बघायला बाहेर आली. व्हर्न डाउटी, त्याच्याबरोबर बर्फाच्या गाडीवर वीस वर्षं काम केलेला मित्र, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "लेका, हिच्यात बसून तर तू चंद्रावर जाशील."

पहिल्या उन्हाळ्यात आर्डिथ तीनदा आली. चढताना ती वरची मूठ धरायची, उजवा पाय टाकायची आणि तिथंच अडायची. डावी कंबर वळायची नाही. लोवेल मागून ढकलायचा. एकदा डोंगरातल्या तळावर, चार कुटुंबं शेकोटीपाशी बसलेली असताना, तिला ढकलता ढकलता तो मोठ्यानं म्हणाला, "चढ, म्हातारे! का क्रेन मागवू?" सगळे हसले. आर्डिथही हसली. तिची मान मात्र लाल झाली होती. लोवेलला ती दिसली होती. उन्हानं झाली असेल, असं त्याला वाटलं.

त्यानंतर काही ना काही निघू लागलं. टोमॅटो बाटल्यांत भरायचेत. चर्चमध्ये जेवण आहे. पाय दुखतोय. ऑगस्टमध्ये तिच्या मांडीवर हातभर काळानिळा डाग दिसला, तर म्हणाली, तळघराच्या पायरीवरून घसरले. लोवेलनं तळघराला नवा कठडा बसवून दिला आणि स्वतःवर खूश झाला.

ऑक्टोबरात तो व्हर्नला घेऊन शिकारीला गेला. दुसरं वर्ष उजाडलं, जून आला, तरी आर्डिथ घरीच. कॅफेत कुणी विचारलं, "आर्डिथ येत नाही हल्ली?" तर लोवेल कॉफीत साखर ढवळत सांगायचा, "तिचा जीव आता घरातच रमतो. म्हातारपण माझ्याआधी तिला गाठणार असं दिसतंय. मी म्हणतो चल, पण तिला हौसच राहिली नाही."

हे त्यानं एकदा नाही, दहादा सांगितलं. ऐकणारे आपापल्या कपात बघायचे. एकदा कॅफेतल्या वाढपीणबाईनं त्याच्यापुढे बशी जरा जास्तच जोरात ठेवली होती.

सप्टेंबरातला एक गुरुवार. एल्क कुठं उतरतात ते बघायला वर जातो, असं सांगून लोवेल सकाळीच निघाला. वाऱ्यानं रस्त्यावर झाडं आडवी पडली होती, तेव्हा गाडी वळवून खालच्या तलावावर आला. आलोच आहोत तर दोन तास गळ टाकू.

तलावाच्या काठी एक जुनी, ठेंगणी, पिवळट पिकअप उभी होती. शाळेच्या स्वयंपाकघरात पूर्वी काम करणाऱ्या नेडीन पुलीची ती गाडी. एरवी लोवेल तिच्याकडे बघायचाही नाही. चारही चाकांना जोर नाही, हौदा गंजलेला, डोंगराच्या नावानं शून्य. गाडीपुढे दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीत नेडीन बसली होती. दुसरी रिकामी होती, आणि घोटाभर पाण्यात उभी राहून एक बाई गळ टाकत होती.

हात मागे गेला, क्षणभर थांबला आणि पुढे आला. दोरी पाण्यावर आवाज न करता उतरली. चेहरा दिसायच्या आधीच लोवेलला कळलं. असा थांबणारा हात सगळ्या खोऱ्यात एकच होता.

नेडीन काहीतरी बोलली आणि आर्डिथ हसली. पोटातून, मान मागे टाकून. असं हसताना त्यानं तिला दीड वर्षात पाहिलं नव्हतं.

तो गाडीतून उतरून काठाशी गेला. पहिल्यांदा त्याला रागच आला.

"हे काय? तू तर म्हणालीस, आज नेडीनकडे गोधडी शिवायला जाते."

आर्डिथनं वळून पाहिलं. दचकली, पण दोरी शांतपणे गुंडाळत राहिली.

"गोधडी झाली," नेडीन खुर्चीतूनच म्हणाली. "वर्षभर शिवतोय. फार मोठी झालीय."

"मी हिच्याशी बोलतोय, नेडीन."

"बोल की. आजवर कुठं बोललास?"

"नेडीन, राहू दे," आर्डिथ म्हणाली. मग लोवेलकडे बघून, आवाज न चढवता, "दर गुरुवारी येतो आम्ही. हिची गाडी खाली आहे. मी दार उघडते नि बसते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. कॅस्परला, त्या आवारात. तू हसलास. मग तो माणूसही हसला."

आर्डिथनं पाण्यातून बाहेर येऊन गळ खुर्चीला टेकवला.

"गेल्या ऑगस्टमध्ये तू दुकानात गेला होतास तेव्हा मी एकटीनं चढून बघत होते. म्हटलं, सराव केला की जमेल. हात सुटला." तिनं मांडीवर हात ठेवला. "तो डाग तळघरातला नव्हता."

"मी कठडा बसवला," लोवेल म्हणाला. का म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हो. चांगला बसवलास."

नेडीननं आता आवाज खाली आणला होता. "आणि वर कॅफेत बसून सांगतोस, हिची हौस गेली म्हणून. लोवेल, त्या कॅफेतला प्रत्येक माणूस गुरुवारी आम्हाला समोरून जाताना बघतो. कुणी काही बोललं नाही, कारण हिनं सांगितलं होतं, बोलू नका, त्याला वाईट वाटेल."

लोवेल तसाच वळला. परतताना त्या उंच गाडीत चढायला त्याला मूठही धरावी लागली नाही, आणि आपण किती सहज चढलो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं. मागे दोघी बघत असतील असं वाटून पाठ आखडून आली. आरशात पाहायचा धीर त्याला झाला नाही.

घरी आल्यावर त्यानं गाडी अंगणात लावली, इकडेतिकडे पाहिलं, डावा पाय ताठ धरला आणि चढायचा प्रयत्न केला. उजवा पाय टाकला, मूठ ओढली, अर्ध्यात लटकला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा गुडघ्यावर आपटला, तळहात सोलवटले. तो तिथंच चाकाला टेकून बसला. एकतीस वर्षं आपण लोकांच्या गाड्यांखाली शिरून तडा शोधला, आणि शेजारी बसणाऱ्या माणसाकडे वळूनही पाहिलं नाही. तेही परवडलं असतं. पण ती क्रेनची गंमत, ते चार कुटुंबांसमोरचं ढकलणं, ती लाल मान! ते सगळं एकामागून एक वर येऊ लागलं तसा त्यानं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

संध्याकाळी आर्डिथ आली. तिनं मासे साफ केले, मक्याच्या पिठात घोळवून तळले. दोघं जेवले. लोवेलनं तीनदा तोंड उघडलं नि तीनदा मीठ मागितलं. शेवटी म्हणाला, "माझं चुकलं."

"हं," आर्डिथ म्हणाली. "बटाटे घे."

दुसऱ्या दिवशी तो कॅफेत गेला. तिथं जायला पाय उचलत नव्हता, पण जे तिथं बोललो ते तिथंच मागे घ्यायला हवं, एवढं त्याला कळत होतं. नेहमीच्या टेबलावर व्हर्न आणि आणखी तिघे होते. लोवेल बसला नाही.

"आर्डिथची हौसबिस काही गेलेली नाही. मी अशी गाडी घेतली की तिला चढताच येत नाही. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग तुम्हाला भलतंच सांगत राहिलो."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. व्हर्ननं खुर्ची सरकवली. "बस रे. आम्हाला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"अरे, गाडीच्या बाबतीत तुला कोण काय सांगणार?" व्हर्न सरळ मनानं म्हणाला, आणि तेच लोवेलला सगळ्यात जास्त लागलं.

पुढचे पंधरा दिवस त्यानं गॅरेजमध्ये काढले. उचललेली गाडी खाली आणली, मोठी चाकं काढून कंपनीची बसवली, दोन्ही बाजूंना रुंद पायदान लावलं, आतल्या खांबाला दुसरी मूठ ठोकली. येणारे-जाणारे हळहळायचे, चांगल्या गाडीचं वाटोळं केलंस म्हणून. तो मान खाली घालून नट आवळायचा. आधी त्याच्या मनात होतं, सगळं पुरं झालं की आर्डिथला बाहेर बोलावून दाखवायचं. मग वाटलं, हेही पुन्हा तेच. म्हणून पायदान वेल्डिंग करायच्या आधी तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"आर्डिथ, जरा बाहेर येतेस? किती उंचीवर लावू, तूच सांग."

ती आली. पाय ठेवून बघितला. "आणखी खाली."

त्यानं खाली घेतलं.

"अजून."

"दगडाला—" त्याच्या तोंडून निघालंच. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं आणखी दोन बोटं खाली घेतलं.

ऑक्टोबरात ती शिकारीच्या तळावर आली. दहा नाही, चार दिवस. गुरुवारी मात्र नेडीनबरोबरच जाते, त्यात बदल नाही. "मी सोडू का तलावावर?" असं लोवेलनं एकदा विचारलं, तर म्हणाली, "नको. तो आमचा दिवस आहे." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आताही लोक गाडी दाखवायला बोलावतात. तो जातो, टॉर्च घेऊन खाली शिरतो, ठोकतो, वास घेतो. बाहेर येऊन लगेच बोलत मात्र नाही. आणि घरची गाडी काढताना आर्डिथ चढू लागली की तो चाकाची हवा बघण्याचं निमित्त करून पलीकडच्या बाजूला जातो. तिला मदत लागत नाही आता. ती लाल मान आठवून तिच्याकडे त्या वेळी बघवत नाही, एवढंच.