उपासाला चालणारी कॅप्सूल

हृदयात जाळी बसवून नवऱ्याला बुलढाण्याहून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर जाळी बंद पडू शकते. मी मान हलवली. नवऱ्यानंही हलवली, पण त्या मानेवर माझा लग्नापासून विश्वास नाही.

बीबी गावात आमचं बी-बियाण्यांचं दुकान. पेरणीच्या दिवसांत गिऱ्हाईक श्वास घेऊ देत नाही. त्या ताणानंच झटका आला, असं माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं ठाम मत. त्यांनी ताणात हृदयाला बळ देणाऱ्या कॅप्सूलचा डबा आणून दिला. डब्यावर अर्जुनाच्या झाडाचं चित्र. डॉक्टरांना आधी विचारू म्हटलं, तर झाडपाल्याचं काय विचारायचं, म्हणून साडूसाडूंनी मलाच वेड्यात काढलं.

श्रावण लागला आणि माझ्या लक्षात आलं, सोमवारची गोळी पाकिटातच राहते. नवरा शांतपणे म्हणाला, "गोळीनं उपास मोडते. कॅप्सूल झाडपाल्याची हाय, उपासाले चालते."

माझं डोकंच फिरलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, या माणसाचे उपास काय थोडे! मी भांडले, रडले, गोळी दुधाबरोबर घ्या म्हणाले. देव तारी त्याला कोण मारी, हे एवढंच उत्तर. रात्री कूस बदलताना त्यांचा श्वास चालू आहे का ते बघायचे, इतकी मी घाबरले होते. पण ठरवलं, याला मरू द्यायचं नाही, मग याच्याच सोवळ्यात याला पकडावं लागलं तरी चालेल.

पुढच्या सोमवारी चष्मा लावून डबा वाचायला बसले. बिस्किटाच्या पुड्यावरही हिरवी खूण शोधणारी मी, इथं बघायचीच राहिले होते. कोपऱ्यात खूण होती, पण तपकिरी, मांसाहाराची. तशीच मेडिकलवर गेले. दुकानदार म्हणाला, आतली पूड झाडाची, वरचं कवच जिलेटिनचं. ते जनावराच्या हाडा-कातड्यातून काढतात.

घरी आले तर हे पूजा आटोपून, कॅप्सूल तळहातावर घेऊन बसलेले. मी डबा पुढ्यात ठेवला आणि दुकानदाराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. श्रावणातला त्यांचा एकही सोमवार पदरात पडला नव्हता. चेहरा असा उतरला, की मला हसूही आलं आणि दयाही आली.

"देव कोपला असन," ते हळूच म्हणाले.

"कोपू द्या. मले पुण्यवान नवरा नाही पाहिजे, जित्ता पाहिजे."

कॅप्सूल काढून घेतली आणि त्याच हातावर गोळी ठेवली. ते गोळी गिळून गडूभर पाणी प्यायले.

"उपास मोडलाच हाय," गडू खाली ठेवत म्हणाले, "तं भाकर वाढ."