अंड्यावरची दोन नावं

पवित्र शनिवारी दुपारी वसईच्या आमच्या स्वयंपाकघरात ईस्टरसाठी चॉकलेटची अंडी बनत होती. आई वितळलेलं चॉकलेट साच्यांत ओतत होती, मी गार झालेल्या अर्ध्या वाट्यांत काजू-बदाम भरून त्या जोडत होते आणि पपा बटर पेपरच्या कोनातून पांढऱ्या आयसिंगने प्रत्येक अंड्यावर घरातल्या एकेकाचं नाव लिहीत होते. पपांचं अक्षर फार सुरेख आहे.

सगळ्यांची नावं झाल्यावर त्यांनी आणखी एक अंडं पुढे ओढलं आणि त्यावर लिहिलं, 'रीटा'.

रीटा माझी धाकटी बहीण. तिने पपांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून नऊ वर्षं त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं, आम्हालाही घेऊ दिलं नव्हतं. आईच्या हातातलं पातेलं तसंच अधांतरी राहिलं. मग पपांनी सगळ्यात छोटं अंडं उचललं आणि त्यावर लिहिलं, 'अन्वी'.

अन्वी रीटाची मुलगी. मी तिला चोरून भेटायचे, पण तिचं नाव या घरात कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. गप्प बसलेल्या माणसाला आपण किती सहज कठोर ठरवून टाकतो! त्या गप्प बसण्यात तो कुणाची वाट पाहतो आहे, हे रोज त्याच्या शेजारी बसून जेवणाऱ्यालाही कळत नाही.

"पपा, तुम्हाला हे नाव कसं..." मी म्हटलं.

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "तिला बदाम चालतात ना?"