आज डेअरीत पनीरचा नमुना घेतला

मंडळी, घरात हे बोलता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

मागच्या आठवड्यात माझ्या बहिणीचं, सुनंदाचं, डोहाळजेवण होतं. पनीर नागभीडच्या एका डेअरीतून मीच आणलं. संध्याकाळपर्यंत जेवलेल्या सगळ्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बाकीचे सावरले. सुनंदाला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, पण पोटातलं बाळ वाचलं नाही.

मी तक्रार केली आणि आज चंद्रपूरहून अन्न सुरक्षा अधिकारी आले. डेअरी धुऊन लख्ख केलेली. मालकाच्या डोक्यावर चक्क जाळीची टोपी होती. साहेबांनी आजच्या ताज्या पनीरचा नमुना घेऊन सील केला.

मी म्हटलं, "साहेब, हे तं चांगलंच निघन. आमी खाल्लं ते कुठी हाय आता?"

"उरलेलं ठेवलं होतं का?"

"फेकून देल्लं. घरात सारेच आजारी, ठेवाचं कोनाले सुचते?"

"मग भाऊ, समोर आहे त्याचाच नमुना मी घेऊ शकतो," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

तेवढ्यात एक बाई पनीर घ्यायला आली. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण भाऊ, आता तं साहेबानं तपासलं न?" आणि अर्धा किलो घेऊन गेली.

आता घरी आलोय, तं सुनंदा आतल्या खोलीतून विचारून राहिली आहे, "दादा, काय झालं तिथी?"

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?