तीन भाकरी आणि एक भों

आमच्या आतोबांइतकं मन लावून गप्प बसणारा माणूस सबंध मराठवाड्यात झाला नाही, आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. माणसं गप्प बसतात ती रुसून, दमून, नाहीतर काही सुचत नाही म्हणून. आतोबा गप्प बसत ते कामावर असल्यासारखे. पाठ ताठ, डोळे समोरच्या भिंतीवर, पायाचा अंगठा बारीक वरखाली, आणि चेहरा असा की आता कुठल्याही क्षणी गाडी येणार आहे आणि झेंडी यांनाच दाखवायची आहे. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, भांडायला लागली की ते याच बैठकीत ऐकून घेत. घासलेट संपल्यावरून निघालेलं भांडण दिराच्या लग्नातल्या मानपानापर्यंत जाऊन परत येई, आत्या श्वास घ्यायला थांबे, आणि नेमक्या त्या फटीत आतोबा खर्जातल्या आवाजात एकच शब्द ठेवत, "बराबर." मग पुढं बोलायला काही उरतच नसे. शेजारणींना वाटे, बिचारा भोळा माणूस. भोळे वगैरे मुळीच नव्हते. ती त्यांची नोकरीतली सवय होती.

नोकरी अशी. निजामाच्या राज्यात, हैदराबादेत, एका अमीराच्या पदरी विलायती वाद्यांचा मोठा ताफा होता. आतोबा तरुणपणी त्याच्याकडं चपराशाची जागा मिळते का बघायला गेले आणि ताफ्यात अडकले. बँडमास्तरला बासून वाजवायला माणूस हवा होता. बासून म्हणजे छातीइतका उंच लाकडी नळा, अंगभर चकचकीत चाव्या, बाजूनं वाकलेली एक बारीक धातूची नळी, आणि तिच्या टोकाला तोंडात धरायची पत्ती. आवाज सगळ्या ताफ्यात खालचा. बँडमास्तरनं रांगेतल्या उमेदवारांचे हात पाहिले, आतोबांची काकडीसारखी लांब बोटं पाहिली आणि "तुम इधर आओ" म्हणाला. चपराशाची जागा मागच्या माणसाला गेली. आतोबा सांगत, "मी साहेबलोकांना पाणी द्यायला गेल्तो. त्यांनी वारा द्यायला ठेवून घेतलं."

पण ताफ्यात बासूनवाल्याला वाजवणं थोडं आणि थांबणं फार. वरची वाद्यं चीज खेळवत असतात तेव्हा यानं मनातल्या मनात मोजत बसायचं, पाळी आली की चार सूर काढायचे, पुन्हा मोजत बसायचं. चुकीच्या जागी वाजलं तर सगळ्या मेजवानीला कळतं, बरोबर जागी वाजलं तर कुणालाच कळत नाही. या कामात आतोबांची तरुणपणाची सगळी वर्षं गेली. मग अमीर वारले. चिरंजीवांना मोटारींचा शौक होता, त्यांनी ताफा मोडला आणि वाद्यं ज्याची त्याला देऊन टाकली. आतोबा घोंगडीत बासून गुंडाळून जालन्याला परत आले, मस्तगडात दोन खोल्या घेतल्या आणि कापसाच्या जिनिंगमध्ये देखरेखीचं काम धरलं. मी तीर्थपुरीची. आमच्याकडं मुलींची शाळा नव्हती म्हणून मला आत्याकडं ठेवलं होतं, तेव्हा यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

रोज संध्याकाळी आत्या चुलीपुढं भाकरी थापायला बसली की आतोबा पलीकडच्या खोलीत रियाजाला बसत. रियाज त्या एकाच चिजेचा, अमीराच्या मेजवान्यांत वाजायची तिचा. आणि रियाज म्हणजे फक्त आपल्या वाट्याचं, थांबण्यासकट. म्हणजे बाहेरच्या माणसाला ऐकू येई ते असं की, बराच वेळ काहीच नाही, मग "भों, भों", मग पुन्हा इतका वेळ काहीच नाही की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस बरा आहे ना. नवीन भाडेकरू हमखास खिडकीतून डोकावून जात. आत्यानं मात्र आपलं काम त्या शांततेवर बसवून घेतलं होतं. तीन भाकरी थापून, भाजून टोपल्यात पडल्या की भों येणारच. चौथीचा गोळा ती हातात धरून थांबे, भों झालं की परातीत टाकी. एखादे दिवशी आतोबा घाईत असले तर आतून म्हणे, "अहो, अजून तिसरी तव्यावर हाय." आणि ते मुकाट्यानं थांबत. नवऱ्याला ती 'हे' म्हणायची आणि बासूनला 'ते'. दोघांनाही नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

पत्तीचा व्याप वेगळाच. ती ओली राहायला हवी म्हणून आतोबा ती दिवसभर गालात धरून हिंडत, त्यामुळं बोलताना आधी पत्ती काढायची, धोतराला पुसायची, मग बोलायचं. तोवर समोरचा आपणच उत्तर देऊन निघून गेलेला असे. पत्त्या विलायतेहून येत. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि त्या बंद झाल्या, तेव्हा आतोबांनी कुंडलिका नदीच्या काठचा देवनळ कापून आणायला सुरुवात केली. त्याच्या कापट्या तासायच्या, भिजवायच्या, माळवदावर सुकवायच्या. माळवद एकच, आणि उन्हाळ्यात तिथं आत्याच्या कुरडयाही सुकत. व्हायचं ते झालं. एकदा आत्याचे चुलतसासरे जेवायला आले असताना तळणाबरोबर दोन कापट्याही कढईत गेल्या. सासरे जुन्या वळणाचे, ताटात टाकायचं नाही. पुष्कळ वेळ चावून म्हणाले, "सूनबाई, कुरडई जरा जून झाली." आतोबांनी त्यांच्या ताटाकडं पाहिलं, योग्य तेवढे थांबले आणि म्हणाले, "बराबर."

जालन्यात बासून शिकायला कोण येणार असं मला वाटे, पण येत. फुकट शिकवतात म्हटल्यावर एक शिंपी आला, दवाखान्यातला कंपौंडर आला, लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला आला. प्रत्येकाला वाटे, आठवड्यात एखादं गाणं हाती लागेल. आतोबा पहिले कित्येक दिवस वाद्याला हातच लावू देत नसत. "अगोदर थांबायला शीक. वाजवायला काय, म्हैस बी वाजविती." शिंपी म्हणाला, "मास्तर, थांबायलाच यायचं तर मी दुकानातच थांबतो की." आणि गेला. कंपौंडर त्याच्यामागं गेला. क्लॅरिनेटवाला येतजात राहिला, कारण आत्या चहा चांगला करी.

टिकला तो एकटा सखाराम. हा तीर्थपुरीचाच वाजंत्री, लग्नसराईत जालन्याला यायचा. सनईच्या ताफ्यात मुख्य सनईवाला गाणं वाजवतो आणि मागं एकजण गाल फुगवून नुसता एकच सूर धरून बसतो. तो मागचा म्हणजे सखाराम. बापाच्या मागं सूर धरला, भावाच्या मागं धरला, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी गाणं काही वाट्याला आलं नाही. आतोबांनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, "तू अर्धा शिकूनच आल्तास." सखारामची पत्ती नीट बोलते का हे बघायला ते ती आपल्या तोंडात घालून वाजवून पाहत. त्यावरून एका शेजारणीनं आत्याला टोचलं, "वाजंत्र्याच्या तोंडातलं तुमचे मालक तोंडात घालून राह्यले."

आत्या म्हणाली, "तुमचे मालक काय काय तोंडात घालतात ते आम्ही कधी इचारलं का?" त्या शेजारणीचे मालक ताडीच्या दुकानातच सापडत. विषय मिटला.

आता मूळ गोष्ट. एके संध्याकाळी शेवटची भाकरी टोपल्यात पडली, आतोबा पत्ती पुसत बाहेर आले, आणि आत्यानं सहज विचारलं, "अहो, एक सांगा. हे जे तुम्ही रोज वाजविता, याचं बाकीचं कुठंय?"

आतोबांनी पत्ती खाली ठेवली.

"तसं न्हाई," आत्या म्हणाली, "हैदराबादेत होतो तव्हा मेजवानीत बाया सोडत नव्हते. खोलीवर तुमचा भों तेवढा ऐकला. हितं बी तेच. माझा जन्म गेला भों ऐकण्यात. पर हे हाय तरी कशातलं?" तक्रार नव्हती तिची. डाळीत खडा कुठून आला असं विचारावं तसं विचारलं होतं. पण आतोबा इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं, आज हे मोजायचं विसरले. मग म्हणाले, "ऐकवतो."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. रात्री जेवतानाही बोटं ताटाच्या कडेवर चालत. बँडमास्तर नाही, ताफा नाही, कागदावर लिहिलेलं फक्त स्वतःच्या वाट्याचं. पण बाकीचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं. "त्यांना आपापलं येत व्हतं. मला समद्यांचं येतं. मी गप्प बसून ऐकून राह्यल्तो ना." क्लॅरिनेटवाल्याला त्यांनी वरची चाल गाऊन गाऊन शिकवली, सखारामच्या भावाला सनईवर दुसरी, सखारामला मधली. आपल्या पिंपातून आल्यासारख्या आवाजात ते नाजूक विलायती चाल गाऊ लागले की मी दप्तर उचलून माळवदावर जाई. वाजवायचं कुठं, तर माझ्या लग्नात. लग्न ठरलं होतं अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, तीर्थपुरीला. आतोबांचं म्हणणं, चीज मेजवानीची आहे, पंगतीलाच वाजली पाहिजे. माझ्या वडिलांनी होकार दिला, कारण नाही म्हटलं तरी आतोबा 'हो'ची वाट बघत बसून राहत.

दिवस धास्तीचे होते. रझाकारांच्या भीतीनं माणसं सांजच्याला दारं लावून घेत, रस्त्यावर जागोजाग झडती. आमच्या बैलगाडीत घोंगडीतला तो लांबडा नळा दिसल्यावर अंबडच्या नाक्यावर जवानानं गाडी थांबवली. "ये क्या है? बंदूक?" आतोबांनी गालातली पत्ती काढली, पुसली. तेवढ्यात जवानाचा हात खांद्यावरच्या बंदुकीकडं गेला. "बाजा है," आतोबा म्हणाले. "बजाके बताओ." आतोबांनी गाडीतच बासून जोडला, पत्ती लावली आणि ताठ बसले. चिजेची सुरुवात त्यांच्या थांबण्यानं होती. जवान बघतोय, आतोबा भिंत नसल्यानं बैलाच्या शिंगाकडं बघतायत, अंगठा वरखाली. आत्या माझ्या कानात म्हणाली, "दुसरी झाली." मी देवाचं नाव घेतलं. मग आलं, "भों, भों." बैल दचकले. जवान म्हणाला, "बस? इतनाच?"

"मेरा इतनाच है, साब. बाकी दूसरे बजाते."

जवान पहिल्यांदा हसला. "घर में मेरा भी ऐसाच है," म्हणाला आणि नाक्याचा आडवा बांबू वर केला.

लग्न लागलं, पंगत बसली. आत्यानं मांडवाच्या खांबापाशी बसून ऐकायचं असं ठरलं होतं. आतोबांनी तिच्यासाठी पाटही मांडून ठेवला होता. पण वाढपी कमी पडले, आणि पंगत खोळंबलेली असताना माझी आत्या पाटावर बसेल हे शक्यच नव्हतं. तिनं पदर खोचला आणि वरणाची बादली उचलली. आतोबांनी रिकाम्या पाटाकडं एकदा पाहिलं आणि क्लॅरिनेटवाल्याला मानेनं खूण केली.

सुरू झालं. मला संगीतातलं कळत नाही, आणि नव्या नवरीनं मान वर करायची नसते, पण मी केली. क्लॅरिनेटची चाल उड्या मारत निघाली, सनई तिच्या मागं, सखाराम दोघांना धरून. "भात घ्या, भात" आणि "मीठ कुणीकडं गेलं" यांच्या मधून ती वाट काढत होती. आणि आतोबा ऐकत होते. इतक्या वर्षांनी ते सगळं पुन्हा एकदा, बाहेरून, कानांनी. अंगठा हलायचा थांबला होता. तोंड किंचित उघडं, पत्ती ओठाला टेकलेली, आणि डोळ्यांत असं काही की मी मान खाली घातली. ज्यांनी जन्मभर मोजलं ते मोजायचं विसरले होते. सखाराम डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडं बघू लागला. जागा जवळ येत होती.

आत्या पंगतीच्या मध्यावर होती. पळी वरणात बुडालेली, समोर एका म्हाताऱ्याचा भात वाट बघतोय. ती तशीच थांबली. बादली भुईवर टेकवून डाव्या तळव्यानं तिच्या कडेवर भाकरी थापावी तसं हलकेच थापलं, एकदा, पुन्हा एकदा. मग अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, चारचौघांत कधी नवऱ्याशी न बोललेली माझी आत्या म्हणाली, "अहो, आता."

भों, भों.

ते बरोबर जागी पडलं. कसं पडलं ते मला सांगता येणार नाही. वरची सगळी चाल एकदम जमिनीवर उभी राहिली, एवढंच मला कळलं. म्हाताऱ्याला वरण मिळालं. पुढच्या प्रत्येक पाळीला आत्या वाढता वाढता थांबत गेली आणि पंगतीनं कुरकुर केली नाही.

रात्री तिला मी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "बरं हाय. मला वाटायचं हे मधीच गप्प का बसून राह्यतात. दुसऱ्याला बोलू देतात व्हय." आणि भांडी मोजायला उठली. आतोबा ओट्यावर होते. थोड्या वेळानं तिकडून आलं, "बराबर."

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बासून सखारामकडं आहे. तीर्थपुरीच्या लग्नांत पंगतीला ती चीज वाजते, गावाला ती आता आपलीच वाटते. त्याच्याकडं दोघं शिकतात, आणि त्यांनाही अजून वाद्याला हात लावू दिलेला नाही. आत्या होती तोवर तिच्यासाठी पाट मांडला जाई. सखारामला मोजता येतं, तरी तो तिच्या 'आता'शिवाय वाजवत नसे.

मला या सगळ्यातलं एवढंच येतं की संध्याकाळी तिसरी भाकरी टोपल्यात पडली की चौथीचा गोळा घेतलेला हात आपोआप थांबतो. क्षणभरच. मग तवा तापून धूर निघायला लागतो, आणि मी गोळा परातीत टाकते.