फ्रीझरची फीत

आमच्या कॉलेजात फीत कापल्याशिवाय काही सुरू होत नाही. पाण्याचा कूलर आला, तो अख्खा उन्हाळा कोरडा उभा होता, कारण संस्थेच्या अध्यक्षसाहेबांना तारीख नव्हती. मुलींच्या स्वच्छतागृहाचंसुद्धा शाल-श्रीफळासह उद्घाटन झालं, आणि तोवर मुली शेजारच्या बँकेत जात होत्या. माझं नाव मनतशा, गाव उदगीर, आणि इथं लातुरात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. हे सगळं मी हसण्यावारी नेत आले. बुद्धप्रियाने नेलं नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसले आहे.

डॉ. बुद्धप्रिया सोनकांबळे निलंग्याकडची. वडील लवकर गेले. आई पार्वतीबाई अंगणवाडीत मदतनीस. पीएच.डी. नांदेडला, सूक्ष्मजीवशास्त्रात. तेव्हा तिला सरकारी फेलोशिप होती, पण ती यायची तेव्हा यायची. मधल्या महिन्यांत हिने शिकवण्या घेतल्या, पॅथॉलॉजीत रक्त तपासलं, आणि फेलोशिप कुठे अडली हे विचारायला इतके फोन केले की पलीकडचा बाबू तिच्या नुसत्या 'हॅलो'ला दचकायला लागला. पुढे तरुण संशोधकांसाठी केंद्राची एक योजना निघाली. तिने अर्ज केला, दिल्लीच्या तज्ज्ञांपुढे मुलाखत दिली आणि स्वतःचा प्रकल्प घेऊन आमच्याकडे आली.

स्टाफरूममध्ये एक सर चहा ढवळत म्हणाले, "कोट्यातून मिळालं असेल." ही शेजारच्याच टेबलावर होती. कप खाली ठेवून म्हणाली, "शिकले ते कोट्यातून. हक्काचं होतं. हे खुल्या स्पर्धेतून आणलं, हेबी हक्काचंच हाय. आणखी काही विचारायचंय का सर?" सर कप घेऊन खिडकीकडे गेले. मला मात्र त्या दिवशी ही बाई आवडली ती कायमची.

तिचा विषय तुरीचा मर रोग. फुलोऱ्यात आलेली तूर बघता बघता वाळते, ओळीच्या ओळी जातात. पण त्या वाळलेल्या ओळीत एखादं झाड हिरवंगार उभं असतं. बुद्धप्रिया ते झाड मुळासकट उपटायची. त्याच्या मुळाशी त्याला वाचवणारे काही जंतू असणार, असा तिचा अंदाज. ते वेगळे काढायचे, वाढवायचे, आणि जिवंत ठेवायचे. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आमच्या प्रयोगशाळेतला फ्रीज म्हणजे लाईट गेली की बसणारा आणि त्यात शिपायांचे डबे. पहिल्या वर्षी गोळा केलेले तिचे जंतू त्यातच मेले. त्या दिवशी ती माझ्या खोलीवर येऊन रडली, आणि रडता रडताच तिने योजनेच्या कार्यालयाला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर मागणारा मेल लिहिला.

मंजुरी आली. गणपतीच्या सुमारास फ्रीझरही आला, कपाटाएवढा. आणि तो टेंपोतून उतरतो न उतरतो तोच हेडक्लार्कने त्याला लाल सॅटिनची फीत बांधली. 'यांच्या शुभहस्ते' अशी संगमरवरी पाटीही तयार झाली, तारखेची जागा कोरी ठेवून. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात कसं करणार? मग साहेब तिरुपतीला गेले. दिवाळी झाली, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली.

इकडे तुरी फुलोऱ्यात आल्या आणि वाळायला लागल्या. बुद्धप्रिया एसटीने, कुणाच्या मोटारसायकलवर, प्रसंगी चालत शिवारं पालथी घालत होती. नवे जंतू हाती आले होते. उन्हाळ्याच्या तोंडावर दिल्लीची समिती आढावा घेणार होती. त्या वेळी जंतू जिवंत दाखवता आले नाहीत तर पुढचा निधी बंद, प्रकल्प बंद, दोन वर्षांची मेहनत मातीत. आणि त्यांना वाचवणारं यंत्र चार पावलांवर फीत बांधून उभं!

ती प्राचार्यांकडे गेली. मीही सोबत होते.

"मॅडम, एवढं थांबलात, आणखी थोडं थांबा," प्राचार्य म्हणाले. "साहेबांना वाईट वाटेल."

"मी थांबंन सर. जंतू थांबत न्हाईत."

"आचारसंहिता संपली की पहिला कार्यक्रम तुमचाच."

"माझा कशाला? माझा कार्यक्रम शेतात चालू हाय."

प्राचार्यांनी तिच्या अर्जावर 'चर्चा करावी' असं लिहिलं. म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो आला, फीत बघून घुटमळला. म्हणाला, मॅडम, उद्घाटन राहिलंय वाटतं. बुद्धप्रियाने कात्री घेतली नाही. भर दुपारी, पोरं व्हरांड्यात उभी असताना, तिने फितीची गाठ सोडली, फितीची नीट घडी घातली आणि चंद्रप्पा शिपायाच्या हाती प्राचार्यांकडे पाठवून दिली. मग बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना हिने दटावून वर्गात पाठवलं.

चार वाजायच्या आत नोटीस आली. 'अनधिकृत उद्घाटन केल्याबद्दल कारणे दाखवा.' तिचं उत्तर मी वाचलं आहे आणि मराठीची शिक्षिका म्हणून त्याला पैकीच्या पैकी गुण देते. तिने लिहिलं होतं: 'मी उद्घाटन केलेले नाही. मी फक्त यंत्र सुरू केले आहे. उद्घाटन शिल्लक आहे. फीत आपल्या कार्यालयात सुस्थितीत आहे. कार्यक्रम सवडीने व्हावा.' यावर काय कारवाई करायची हे कुणालाच सुचेना. तिचा पगार संस्थेचा नव्हता, योजनेचा होता, आणि प्रकल्प तिच्या नावावर होता.

निकाल लागले, आचारसंहिता उठली आणि अध्यक्षसाहेब आले. फीत पुन्हा बांधली होती, झेंडूची माळही होती. आत तिचे सगळे जंतू, बर्फात गाढ. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, साहेब बटण दाबतायत असा फोटो पाहिजे. आणि प्राचार्य हलक्या आवाजात बुद्धप्रियाला म्हणाले, "पाच मिनिटं बंद करा. साहेब चालू करतील."

"न्हाई."

"अहो, पाच मिनिटांनी काय मरतात का तुमचे जंतू?"

"न्हाईत मरत," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पण आज फोटोसाठी बंद झालं, तर उद्या कुणाच्याबी वाढदिवसाला बंद होईल. हे कायम चालू राहायसाठी आणलंय सर."

आणि ती स्विचपाशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. पहिल्या रांगेत पार्वतीबाई बसल्या होत्या, लेकीचा कार्यक्रम म्हणून नवं लुगडं नेसून आलेल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला. माझे तर सगळे तास त्याच साहेबांच्या कॉलेजात होते, मी हळूच मागच्या रांगेत सरकले. पण खरं सांगते, अभिमानाने छाती भरून आली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, स्विचकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग मुकाट्याने फीत कापली, दोन शब्द बोलले आणि पेढा न खाता निघून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मध्ये कात्रीवाले साहेब, आणि कडेला भिंतीला टेकलेली बुद्धप्रिया, कॅमेऱ्याकडे न बघता स्विचची राखण करणारी.

आढावा झाला. जंतू जिवंत होते. पुढचा निधी मंजूर झाला. आला मात्र नाही अजून, तो येईल तेव्हा येईल, हिचे फोन चालू आहेत. संगमरवरी पाटी भिंतीवर आहे. तिच्यावरची तारीख चुकीची आहे, हे बुद्धप्रिया प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगते.

परवा पार्वतीबाई पुन्हा आल्या होत्या. बंद दारामागचं काही दिसत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "ज्याच्यापायी एवढं भांडलीस ते तरी दाव की. उघड दार."

"न्हाई आई. सारखं उघडलं की थंडी जाती."

"मलाबी न्हाई?"

"तुलाबी न्हाई."

पार्वतीबाई हसल्या आणि स्टुलावर टेकल्या. मला म्हणाल्या, "साहेबाला न्हाई म्हणली तवा लई भ्या वाटलं हुतं बाई. वाटलं, पोरीला माज आला का काय. आता मलाबी न्हाई म्हणली. आता बरं वाटलं."